सतरावी चादर

दार माझ्यावर ओरडलं. माझ्याच लाँड्रीचं दार, ज्याची चौकट बसवताना मी सुताराच्या डोक्यावर तीन दिवस उभी होते, ते. पाच वाजलेले, दिवसपाळी सुटलेली, पुढेमागे वीस-पंचवीस माणसं, आणि मी उंबऱ्यावर पाय ठेवला तसा चौकटीवरच्या पांढऱ्या डबीतून असा काही सूर निघाला, जसा कुणी माझा गळा आवळून माझ्यातूनच काढावा. मी थांबले. थांबले ही चूक. चालत राहिले असते तर दार वेडं ठरलं असतं. थांबले म्हणून मी ठरले. मुकादम मागे होता. वीस वर्षं माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिलेला माणूस, पण जिभेला लगाम नाही. म्हणाला, "घ्या! मोठ्याबाई, कुत्रं धनिणीवरच भुंकलं की!" आणि सगळे हसले. बरीच वर्षं पोटात दाबून ठेवलेलं हसू असं एकदम सुटतं तेव्हा त्याला वास असतो, ओल्या ढिगाखालच्या कपड्यासारखा. मी म्हटलं, "ही डबी विकणाऱ्या त्या टायवाल्याला सांग, कुत्रं विकायचं तर आधी त्याला धन्याचा वास द्यावा." परत हसले, पण या खेपेला माझ्या बाजूने. मी बाहेर पडले. कोटाच्या आत, पोटावर, कातडीला घट्ट चिकटून हॉटेलची एक डबल चादर चार बोटं रुंद घडी करून दोन वेढे गुंडाळलेली होती, ऑपरेशन झालेल्या बाईला पट्टा बांधतात तशी. तिचं एक टोक कमरेपाशी सुटून लोंबत होतं, ते मला रस्त्यावर कळलं. वर बघितलं तर कचेरीच्या खिडकीत मुलगा उभा. माझा चेहऱ्यांचा अंदाज आता मानेवरून आणि खांद्यांवरून असतो. त्याचे खांदे हसत नव्हते.

आता सांगायचं तर सगळंच सांगते. मला चादरींची गरज नव्हती. घरात माणसं दोन, मी आणि मुलगा, आणि चादरी आमच्या अंगाखाली आमच्याच. मी चोरत नव्हते. ज्या चादरीबद्दल माझा निकाल होत नव्हता तेवढ्याच मी घरी आणत होते.

तपासणीचं टेबल म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याला लाँड्री ठाऊक नाही. धुणं मशीन करतं, पिळणं मशीन करतं, इस्त्रीचा रूळ गरम असला की चादर त्यातून आपोआप सपाट निघते. पण निघाल्यावर ती लांब टेबलावर पसरायची, खाली दुधी काच, काचेखाली नळीचे दिवे, आणि वर एक माणूस. त्या माणसाने नुसतं बघायचं. बघून 'स्वच्छ' म्हणायचं किंवा 'डाग'. स्वच्छ असेल तर चादर उजवीकडे, घडीवाल्यांकडे; डाग असेल तर डावीकडे, परत धुवायला. एवढंच काम. पण सगळी लाँड्री त्या एका शब्दावर. मी दुसरी इयत्ता शिकलेली, सही करताना जीभ बाहेर येते, पण त्या टेबलावर मी बत्तीस वर्षं न्यायाधीश होते. चहा, रक्त, शाई, गंज, औषध, ओठांचा रंग. धुऊन गेलेल्या डागाचीही सावली मला दिसायची. डागावरून माणूस सांगायची मी. इस्पितळाच्या चादरीवरून दुखणं सांगायची, हॉटेलच्या चादरीवरून भांडण. आमचे हे इस्पितळात गेले, त्या दिवशी त्यांच्या खालची चादरसुद्धा याच टेबलावर आली. वॉर्डाचा शिक्का आणि खाटेचा नंबर होता कोपऱ्यात. दोनदा परत पाठवली मी ती. तिसऱ्यांदा स्वच्छ म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुणी दुसरा झोपला असणार. लोक म्हणाले, बाई दगडाची आहे. दगडावरच धुतात कपडे, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

डोळ्यांचं सुरू झालं तेव्हा मला आधी वाटलं चादरीच वाईट यायला लागल्या. जिकडे बघावं तिकडे डाग. बरोबर मधोमध, राखी, मळका, दुधावर माशी पडून विरघळावी तसा. मी धडाधड परत पाठवायला लागले. धुलाईवाला ओरडायला लागला, "मोठ्याबाई, पाण्यात काय आम्ही शेण घालतो काय?" मग एक दिवस मान जरा वळवली तर डागही वळला. भिंतीकडे बघितलं तर भिंतीवर डाग. मुलाच्या तोंडाकडे बघितलं तर मुलाला तोंडच नाही, दोन कान आणि मधे तो राखी गोळा. तेव्हा कळलं, डाग माझ्याबरोबर घरी येतो. जगाच्या कडा मला दिसतात, मधलं जग गेलं. कुणाला सांगायचं? डॉक्टरला? डॉक्टर म्हणणार घरी बसा. मी घरी बसेन तर माझ्या खुर्चीत कोण बसेल, हे मला ठाऊक होतं. मी स्वतःला शिकवलं, की बाई, मधे दिसतो तो डाग तुझा. तो सोडून द्यायचा. मी तो सोडून द्यायला शिकले. इतकी शिकले, की खरे डागही त्यातूनच सुटायला लागले.

माझ्या उजव्या हाताला सून घडीला उभी असायची. सून कसली, शांतीचा पुतळा. आवाज चढवायची नाही, उलट बोलायची नाही. अशा बायका मला पहिल्यापासून आवडत नाहीत. भांडणाऱ्या बाईचं पोट रिकामं असतं, गप्प बाईच्या पोटात काय काय साठतं कोण जाणे. दोन वर्षं ती माझ्या शेजारी उभी राहिली. दोन वर्षं एकही तक्रार आली नाही. मला वाटलं, बघा, डोळे गेले तरी नजर जात नाही. मग एकदा धुलाईवाला त्याच्या पोरीच्या लग्नाची सुट्टी मागायला आला आणि बोलता बोलता बोलून गेला, "वहिनी त्या दहाबारा चादरी रोज मागच्या दाराने परत देतात ना, त्या मी लगेच काढून देतो, तुमचं काम अडत नाही." कसल्या दहाबारा? तो चपापला. त्याला वाटलं होतं मीच पाठवते. त्या दिवशी मी बोटांवर मोजत बसले. मी दोनशे स्वच्छ म्हटल्या, घडीच्या टेबलावरून एकशेअठ्ठ्याऐंशी गेल्या. म्हणजे मी म्हणायचं 'स्वच्छ', आणि ती माझ्या पाठीमागे, घडी घालता घालता, त्यातल्या बारा उचलून परत पाण्यात टाकायची. मी न्यायाधीश, आणि माझ्या निकालावर ही पोर दोन वर्षं अपील चालवत होती. फुकट. न सांगता.

संध्याकाळी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती भांडी पुसत होती. मी म्हटलं, "काय गं, माझी झाकपाक करायला तुला कुणी नेमलं?" तिने फडकं खाली ठेवलं. हळूच म्हणाली, "आई, डोळे दाखवून घेऊ या का? ह्यांना मी काही बोलले नाही. बोलणारही नाही. तुम्ही सांगाल तेव्हाच." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर असतं. मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांची काळजी करू नकोस, तुझ्या जिभेची कर." ती म्हणाली, "हो आई." तिचं हे 'हो आई' म्हणजे ओल्या फडक्याने पुसलेली फरशी. तुम्हीच घसरायचं, तिने बाजूला उभं राहायचं.

तिला घालवायचं हे मी त्याच दिवशी ठरवलं. माझं गुपित तिच्या ओटीत होतं. ती ते कुणाला देणार नव्हती, आणि मला तेच सहन होत नव्हतं. बारा चादरींचा फरक तर होताच. मुकादमाला सांगितलं, नग कमी पडतायत, उद्या सुटताना पिशव्या बघायच्या, सगळ्यांच्या, घरच्या माणसांच्यासुद्धा. आणि दुपारी, घडीवाल्या जेवायला गेल्या तेव्हा, टेबलाच्या कडेच्या लहान ढिगातली एक घडी उचलून सुनेच्या पिशवीत तळाला घातली, डब्याच्या खाली. खोटं कशाला सांगू?

पाच वाजता दारात पिशव्या उघडल्या. मुकादमाने तिच्या पिशवीतून चादर बाहेर काढली आणि त्याचंच तोंड उतरलं. मुलगा कचेरीतून खाली आला. मी म्हटलं, "कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची?" चांगलं मोठ्याने म्हटलं. ती रडेल असं वाटलं होतं, निदान नवऱ्याकडे बघेल. ती माझ्याजवळ आली, पाया पडायला वाकावं तशी वाकली, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "निदान स्वच्छ चादर तरी घालायची होतीत, आई." घडीच्या कडेला तिला काहीतरी दिसलं असणार. मी चादरीकडे बघितलं. मधे राखी गोळा, नेहमीसारखा. मी तो सोडून दिला. मुलाने ती घडी तशीच उचलली, घरी आणून आपल्या कपाटात कोंबली, आणि पुन्हा उघडली नाही. काही गोष्टींची घडी माणूस मोडत नाही. सून त्याच आठवड्यात बॅग भरून बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, "आई, खिडकीकडे पाठ करून बसत जा, उजेड मागून आला की बरं दिसतं." तेवढ्यावरही ती थांबली नाही, माझी टेबलाजवळची खुर्ची वळवून ठेवून गेली. मी ती परत होती तशी केली.

मग जे व्हायचं ते झालं. अपील बंद पडलं, आणि माझे निकाल सरळ गिऱ्हाइकाच्या पलंगावर जायला लागले. पंधरा दिवसांत मोठ्या हॉटेलने एक चादर परत पाठवली, वर चिठ्ठी: 'ज्याने तपासली त्याला घरी बसवा.' मुलाने ती सगळ्यांसमोर वाचली. माझ्या डोळ्यांचं त्याला काय ठाऊक. मी म्हटलं, "घडीवाल्यांना घरी बसव." पण त्या दिवसापासून भीती बसली. एखादी चादर समोर आली की 'स्वच्छ' तोंडातून निघेना, 'डाग'ही निघेना. अशी एखादी मी बाजूला सारायची, कोटाखाली घालायची, घरी नेऊन गच्चीवर उन्हात धरायची, तिरपं बघायची, नाकाला लावायची, जिभेलासुद्धा. तरी निकाल लागायचा नाही. मग ती खाटेखालच्या पेटीत. फेकून का दिली नाही, असं कुणी विचारेल. चादर फेकणारी बाई मी नव्हे. आणि परत ढिगात का टाकली नाही? एकदा मोजून गेलेला ढीग उघडायचा नाही, हा नियम माझाच.

सून गेली तरी नग कमीच पडत राहिले, हे मुलाच्या लक्षात आलं. तो मला काही बोलला नाही. त्याने टायवाल्याला आणलं.

टायवाला म्हणजे त्या यंत्रांचा विक्रेता. गळ्यात निळा टाय, बूट इतके चकचकीत की मला त्यांच्या जागी दोन दिवे दिसले. टेबलावर त्याने बोटभर लांबीच्या कापडी पट्ट्या पसरल्या. "मावशी, आता प्रत्येक चादरीला स्वतःचं नाव," तो म्हणाला. मी म्हटलं, "मावशी कुणाला म्हणतोस? तुझ्या आईला बहीण आहे का ते विचारून ये आधी." तो हसला, विकणाऱ्या माणसाला अपमान लागत नाही, पावडर लावलेली असते. पट्टी चादरीच्या काठात शिवायची. तिच्यात बॅटरी नाही, काही नाही. दारातून जाताना दार हाक मारतं, पट्टी ओ देते आणि आपला नंबर सांगते. दोनशे चादरींची ट्रॉली ढकलत न्या, दार एका दमात दोनशेच्या दोनशे मोजतं. "कपड्यांच्या दुकानात हेच, मावशी. गोदामात दहा हजार खोकी, पूर्वी चार माणसं दोन दिवस मोजायची, आता एक माणूस हातात मशीन धरून चहा गार व्हायच्या आत मोजून येतो. कारखान्यात कुठला भाग कुठल्या टप्प्यावर अडलाय, ट्रक कुठल्या फाटकातून किती वाजता गेला, औषधाची पेटी खरी की बनावट. विमानतळावर बॅगा, वाचनालयात पुस्तकं, गुरांच्या कानात. इस्पितळात बाळाच्या पायात बांधतात, बाळं बदलू नयेत म्हणून."

"आणि सुनेच्या पायात बांधायची सोय आहे का?" मी विचारलं.

मुकादम खो खो हसला. मुलगा उठून बाहेर गेला. टायवाला खुर्चीत एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलला, मग पुढे चालू झाला. चादर किती वेळा धुतली तेही कळतं. दोनशे वेळा धुतली की यंत्र सांगतं, आता ही जाणार. "फाटायच्या आधीच बाद करता येते, मावशी. गिऱ्हाइकाच्या पलंगावर फाटली तर नाव जातं." मी म्हटलं, "म्हणजे अजून चांगली दिसते तेव्हाच काढून टाकायची?" तो म्हणाला, "दिसण्यावर जायचंच नाही ना आता. तोच तर फायदा." मला ते वाक्य जेवताना आठवलं, झोपताना आठवलं. दिसण्यावर जायचंच नाही.

पण मी मूर्ख नव्हे. जाता जाता त्याला गोड आवाजात विचारलं, "आणि कशाने ओ देत नाही रे ती?" त्यालाही कुणीतरी ऐकतंय याचा आनंद झाला. "दोन गोष्टींपुढे हिचं चालत नाही. लोखंड आणि पाणी. लोखंडी पेटीत घाला, झाकण लावा, मुकी. आणि ओल्यात. माणसाच्या अंगाला घट्ट चिकटली तरी मुकी, कारण माणूस म्हणजे तरी काय, पाण्याची पिशवीच." माझी खाटेखालची पेटी लोखंडी होती, आमच्या ह्यांची, नोकरीवरची. आणि पाण्याची पिशवी तर मी होतेच. तीन महिने मी माझ्या पोटावर गुंडाळून मुक्या चादरी दारातून नेल्या आणि दार गप्प राहिलं. ज्या दिवशी एक टोक सुटलं त्या दिवशी ते ओरडलं.

ओरडलं त्यानंतर दोन दिवस मुलगा माझ्याशी नेहमीसारखं बोलला. मीठ दे, औषध घेतलंस का, उद्या पाणी येणार नाही. त्याच्या आवाजात मी शोधत होते, सापडत नव्हतं. आपण वाढवलेल्या माणसाला आपल्यापासून लपवता यायला लागलं, हे कळायला मला ते दोन दिवस लागले. तिसरा दिवस सुट्टीचा. दुपारी जेवणं झाली, मी आडवी होणार, तोच त्याच्या खोलीतून आवाज आला. टिक्. मग थोडं थांबून, टिक्. हातात धरायचं मशीन तो घरी घेऊन आला होता, ज्याने खोकी मोजतात ते. जवळ गेलं की भराभर वाजतं, लांब गेलं की थांबून थांबून. टायवाल्याने दाखवलं होतं, "लपाछपी खेळल्यासारखं, मावशी."

मी उठून खाटेखालून पेटी ओढली. कडी लावायला गेले तर झाकण बसेना. सोळा चादरी. पेटी पंधरांची. सोळावी त्या दिवशीची होती, ओरडलेली, घाईत कोंबलेली. झाकण बोटभर उघडं राहत होतं, आणि त्या बोटभर फटीतून माझ्या पट्टीवाल्या चादरी मशीनच्या हाकेला ओ द्यायला तयार बसल्या होत्या. मी झाकणावर बसले. सगळा भार देऊन बसले. खाली कडेचं लोखंड लोखंडाला टेकलं ते मला हाडाला कळलं.

मशीन थांबलं. स्वयंपाकघर. पावलं. गॅलरी. तो चालत होता आणि मी त्याची पावलं मोजत होते. लहानपणी हा असाच घरभर फिरायचा, मला शोधत, मी दाराआड उभी राहायची आणि तो रडायच्या बेतात आला की बाहेर यायची. जरा आधी कधी बाहेर आले नाही. रडू नरड्यात आलं की मगच. तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. मशीन गप्प.

"पेटीवर का बसलीस?"

"बसायला तुझी परवानगी लागते का आता? पाट्या लावा मग घरभर, कुठे बसायचं, कुठे नाही."

"खुर्ची आहे ना."

"खुर्चीत पाठ दुखते."

तो खोलीत फिरला. कपाट, खिडकी, गादी. गप्प. मला वाटलं, जिंकले. आणि वाटल्याबरोबर मांडी जराशी सैल झाली, माणूस सुटकेचा श्वास सोडतो तेव्हा सगळं अंगच हलकं होतं, आणि मशीन कडाडलं. एकदम, सातआठ तोंडांनी. मी परत दाबून बसले. गप्प. तो वळला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, म्हणजे तो माझ्याकडे आणि मी त्याच्या कानांकडे.

"आई, ऊठ."

"गुडघे धरलेत."

"ऊठ, आई."

"तुझ्या बायकोने ठेवल्या असतील," मी म्हटलं. माझ्या तोंडातून ते इतकं सहज निघालं की मलाच त्याचं कौतुक वाटलं. तो म्हणाला, "ती जाऊन दहा महिने झाले. पट्ट्या शिवून तीन." आवाज न चढवता म्हणाला. तिच्याकडूनच शिकला असणार. त्याने माझ्या काखेत हात घातले आणि मला उचललं, लहान पोराला आंघोळीच्या दगडावरून उचलावं तसं, आणि खाटेवर ठेवलं. माझं वजन इतकं कमी झालंय हे मला त्याच्या हातांनी सांगितलं.

त्याने पेटी उघडली. एकेक चादर काढून खाटेवर ठेवत गेला. यंत्राला दाखवायचा, यंत्र सांगायचं, तो वाचायचा. "ही चाळीस वेळा धुतलेली. ही मोठ्या हॉटेलची, गेल्या महिन्यातली. ही इस्पितळाची." पट्ट्या नसलेल्या जुन्या चादरींना नुसताच हात लावायचा. मोजून सोळा झाल्या. मग म्हणाला, "कशासाठी?" मी चादरीचा काठ सारखा करत राहिले. "विकत होतीस?" मी थुंकले असते त्याच्या तोंडावर, तोंड सापडलं असतं तर. "माझ्या चादरी," मी म्हटलं, "मी तपासायला आणल्या. लाँड्रीत उजेड कमी आहे." तो आपल्या खोलीत गेला, परत आला, खिडकीचा पडदा सारला आणि एक चादर माझ्या मांडीवर उलगडून पसरली. दुपारचं ऊन, सरळ तिच्यावर. "ही तपास," तो म्हणाला.

मी बसले. पाठ ताठ केली. बत्तीस वर्षांची सवय, हात आपोआप कडेवरून फिरले, शिवण बघितली, कोपरा बघितला. मग मधे बघितलं. मधे राखी डाग होता. मी त्याला ओळखलं. घाबरवायला आलेला घरचाच माणूस. मी मान वळवली नाही, तिरपं बघितलं नाही, नाकाला लावली नाही. मुलासमोर तसलं काही करणार नव्हते. मी तो डाग सोडून दिला आणि म्हटलं, "स्वच्छ. दुधासारखी."

खाट हलली. तो माझ्याशेजारी बसला होता. माझं बोट धरून त्याने चादरीच्या मधोमध टेकवलं आणि गोल फिरवलं, केवढं तरी मोठं. तिथे कापड जरा कडक होतं. "इथून इथपर्यंत, आई. तळहाताएवढा. चहाच्या रंगाचा. ही तिच्या पिशवीतली आहे. आज पहिल्यांदा उघडली." मग त्याने माझं बोट सोडलं. "चोरायचीच होती तर तिने डागाची का उचलली असती? घडी घालता घालता तिला लांबून दिसतो डाग." त्याला सगळं कळायला तेवढा वेळ लागला, जेवढा एक वाक्य बोलायला लागतो. शेवटचं तो माझ्याशी बोलला की स्वतःशी, कोण जाणे. "अख्ख्या लाँड्रीत ही चादर उचलणारं एकच माणूस आहे."

मी म्हटलं, "जा मग. आण तिला. बाईलवेड्याला काय, निमित्तच हवं होतं." तो गेला. दार आपटलं नाही त्याने. मी सतरा चादरींमध्ये बसून राहिले. ऊन माझ्या पायांवरून भिंतीवर गेलं आणि माझा डाग त्याच्या मागोमाग.

सून आली, पण तिसऱ्या खेपेला. दोनदा मुलगा हात हलवत परत आला. तिसऱ्यांदा तिने अट घातली, आणि ती ऐकून माझी बहीण म्हणाली, बघ किती मोठ्या मनाची आहे. अट अशी, की आईंनी टेबलावरच बसायचं. पूर्वीसारखं. त्यांची जागा त्यांचीच.

आता मी रोज टेबलावर बसते. खुर्ची तिने वळवून ठेवली आहे, खिडकीकडे पाठ. खरंच जरा बरं दिसतं, पण ते मी बोलत नाही. चादर समोर येते, मी हात फिरवते, 'स्वच्छ' म्हणते. ती म्हणते, "हो आई," आणि उचलते. पूर्वी ती मागच्या दाराने न्यायची, मला कळू नये म्हणून. आता दोन्ही दारांवर डब्या आहेत. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या दाराची डबी एकदा वाजते, धुवायला परत जाणाऱ्या दाराची दोनदा. माझे कान अजून लख्ख आहेत. मी म्हणते स्वच्छ, ती म्हणते हो आई, आणि मी हात मांडीवर ठेवून ऐकत बसते. एकदा. एकदा. दोनदा. एकदा. दोनदा. घडीवाल्या गप्पा थांबवतात, त्याही ऐकतात. दिवसभर माझा निकाल त्या दारावर लागतो, सगळ्यांच्या देखत, आणि कुणी माझ्याशी उलट एक शब्द बोलत नाही. तिला हे ठाऊक नसेल का? ती चांगलीच आहे म्हणून करते की चांगली नाही म्हणून करते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिच्याकडे बघते तर मधे डाग.

काल सकाळपासून ओळीने नऊ वेळा दोनदा वाजलं. मुकादमाने खाकरून घसा साफ केला, उगाचच. मी दहाव्या चादरीला हात लावला आणि थांबले. कापड करकरीत होतं. काठाला खळ, घडीची रेघ अजून कारखान्याची. कधीही न धुतलेलं, कुणी कधी न निजलेलं कापड बोटांना कळतं, त्याला डोळे लागत नाहीत. कोरी. गठ्ठ्यातून नुकतीच काढून, पट्टी शिवून, तिने माझ्यापुढे पसरली होती. हिच्यावर डाग असूच शकत नव्हता. मला चुकताच येऊ नये, एकदा तरी ते दार सरळ वाजावं, सगळ्यांनी ऐकावं, म्हणून. तान्ह्या पोराला उभं राहायला आपलं बोट द्यावं तसं.

सगळे थांबले होते. रूळ तेवढा फिरत होता.

"डाग आहे," मी म्हटलं.

तिने चादरीच्या काठाला हात लावला.

"डोळे फुटले का तुझे? केवढा डाग आहे. परत टाक."

"हो आई," ती म्हणाली. तिने कोरी चादर उचलली, चुरगळली नाही, नीट हातावर घेतली, आणि तिची पावलं डावीकडे गेली. दार दोनदा वाजलं.